स्वेन्यो

प्रौढ वयात स्पॅनिश शिकू लागणाऱ्या माणसाला तिच्या क्रियापदांची रूपे घोकताना घाम फुटतो, हे खरेच. परंतु मला स्वतःला त्या रूपांनी जेवढे छळले नाही तेवढे ‘स्वेन्यो’ या एका लहानशा नामाने गुंतवून ठेवले, कारण झोप, झोपेची गुंगी, झोपेत पडणारे स्वप्न आणि जागेपणी उराशी बाळगलेली मनीषा हे चारही अर्थ त्या नामाच्या छपराखाली विनातक्रार नांदतात. दुपारच्या जेवणानंतर पापण्या जडावलेला माणूस ‘तेंगो स्वेन्यो’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्यापाशी झोप आहे’. आणि ‘तुवे उन स्वेन्यो’ म्हणतो तेव्हा त्याला स्वप्न पडलेले असते. दोन्ही मुलुखांची सरहद्द राखायला उभा आहे तो केवळ ‘उन’ हा एका अक्षरमात्रेचा शिपाई. आपल्याकडे झोप लागते आणि स्वप्न पडते. दोहोंवरही आपली हुकूमत नाही, हे मराठी क्रियापदांनी मुकाट्याने कबूल केलेले आहे. स्पॅनिशमध्ये मात्र स्वप्न ही कर्त्याने करावयाची क्रिया, आणि तीही ‘कोन’ म्हणजे ‘सह’ हे अव्यय जोडून: कोणी माझ्या स्वप्नात आले, असे न म्हणता मी त्या व्यक्तीसह स्वप्न पाहिले, असे म्हणावयाचे. ही रचना मला फार सभ्य वाटते.

हा अर्थसंकर कोणा कवीने घडवलेला नाही. लॅटिनमध्ये झोपेला ‘सोम्नुस’ आणि स्वप्नाला ‘सोम्निउम’ असे दोन स्वतंत्र शब्द होते. कास्तीलच्या, म्हणजे स्पॅनिशच्या मूळ मुलुखाच्या, बोलीत ओकाराचा ‘वे’ झाला, ‘म्न’ आणि ‘म्नि’ या दोन्ही जोडण्या विरघळून ‘न्य’ झाल्या, आणि शतकांच्या घासणीनंतर दोन्ही शब्द एकाच रूपात येऊन ठाकले. इटालियनने ‘सोन्नो’ आणि ‘सोन्यो’ हा भेद जपला. गोव्यात साडेचारशे वर्षे जिचा अंमल चालला त्या पोर्तुगिजनेही झोपेला ‘सोनु’ व स्वप्नाला ‘सोन्यु’ अशी दोन खाती निराळी ठेवली. शेजारच्या कास्तीलने ती एकत्र केली. आणि ज्या धातूपासून ‘सोम्नुस’ निघाला त्याच कुळातला आपला ‘स्वप्न’ हा शब्दही संस्कृतात निद्रा आणि निद्रेतले दर्शन अशा दोन्ही अर्थांनी येतो. म्हणूनच की काय, जागृती आणि स्वप्न यांच्यापलीकडची निःस्वप्न अवस्था सांगताना मांडूक्य उपनिषदाने ‘सुषुप्त’ हा शब्द निराळा योजला. मराठीने पुढे झोप आणि नीज घरात आणली आणि ‘स्वप्ना’कडे एकच काम ठेवले.

कास्तीलचा हा बेहिशेबीपणा तिथल्या साहित्याला मात्र लाभला. १६३६ साली छापलेल्या काल्देरोनच्या ‘ला विदा एस स्वेन्यो’ या नाटकाच्या नावात ते ‘उन’ नाही, त्यामुळे आयुष्य हे स्वप्न की आयुष्य ही निद्रा, हा प्रश्न मुखपृष्ठावरच लोंबकळत राहतो. आणि कथानकही तसेच. अपशकुनांच्या धास्तीने बापाने मनोऱ्यात कोंडलेल्या राजपुत्राला गुंगीचे औषध पाजून राजवाड्यात आणतात, तो तिथे एका चाकराला सज्जातून खाली फेकतो, मग पुन्हा तेच औषध पाजून त्याला मनोऱ्यात नेतात आणि ते सारे स्वप्न होते असे सांगतात.

परंतु या शब्दाचा खरा कज्जा स्पॅनिश चित्रकार गोयाच्या एका चित्रात आहे. १७९९ साली माद्रिदमध्ये त्याने ‘लोस काप्रीचोस’ नावाची ऐंशी चित्रे, तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून, विक्रीला काढली. विक्रीची जागा अत्तरे आणि मद्ये विकणारे एक दुकान, आणि ते ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव देसेंगान्यो, म्हणजे भ्रमनिरास! त्यांतले त्रेचाळिसावे चित्र असे: एक गृहस्थ मेजावर ओणवा, चेहरा बाहूंत दडवलेला, पाठीमागे घुबडे आणि वटवाघळे यांची दाटी, जमिनीवर टक्क डोळ्यांचा एक लिंक्स, आणि मेजाच्या अंगावर अक्षरे, की विवेकाचा ‘स्वेन्यो’ राक्षस निपजवतो. विवेक झोपी गेला म्हणजे राक्षस माजतात, हा पहिला अर्थ. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील जुन्या हस्तलिखित भाष्याचा कौलही याच बाजूचा, फक्त विवेकाने साथ दिली तर कल्पनाशक्ती कलांची जननी होते, अशी पुस्ती त्याला आहे. दुसरा अर्थ अधिक भयंकर: राक्षस निपजतात ते विवेकाच्या स्वप्नातून. बुद्धीच्या नावाने नवे युग आरंभणाऱ्या फ्रान्समध्ये गिलोटिन खाली येऊन तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा अर्थ ओढाताणीचा ठरवता येत नाही.

स्पॅनिश वाचकाला फैसला देण्याची सक्ती नाही; तर्जुमा करणाऱ्या मराठी माणसाला ती मुभा नाही. मी ‘झोप’ लिहीन, कारण त्या गृहस्थाची मान ज्या जडपणे कलली आहे ती स्वप्नाळू माणसाची नव्हे, थकल्या माणसाची आहे, आणि भाष्याचा पुरावाही माझ्या बाजूला आहे. मात्र त्याच चित्रात डावीकडचे एक घुबड पंज्यात चित्रकाराची खडूची कांडी धरून ती त्या निजलेल्याच्या पुढे करते आहे, जणू राक्षसांनाही त्याच्याकडून आपली तसबीर काढून हवी आहे. तेवढा एक पंजा पुढे ठेवून कोणी माझा ‘झोप’ हा शब्द खोडायला बसला, तर त्याचे म्हणणे ऐकून घेणे मला भाग आहे.