खिळ्याच्या मानेखाली

आमच्या लहानपणी कुंडल गावात चाकं तीन प्रकारची मिळत. पहिलं ज्वारीच्या धाटाचं. साल सोलायची, आतल्या पांढऱ्या भेंडाच्या चकत्या कापायच्या, त्यांतून बाभळीचा काटा आरपार घालायचा, की गाडी तयार. दुसरं सायकलच्या टाकून दिलेल्या रिंगचं, काठीनं पळवायचं. तिसरं मात्र सगळ्या गावांच्या नशिबात नव्हतं. ते म्हणजे निकामी झालेलं बेअरिंग. किर्लोस्करवाडीचा कारखाना शेजारी, त्यामुळे आमच्या भागात निम्म्या घरांत कुणीतरी फिटर नाहीतर टर्नर. भंगारवाल्याच्या ढिगात कोणतं बेअरिंग अजून फिरेल हे पोरांनाही कळायचं. मागे दोन, पुढे एक, वर फळी. त्या फळीवर बसून डोंगराकडून गावात येणाऱ्या उतारावर सुटलं की असा खरखराट व्हायचा, की गिरी पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेली माणसं रस्ता सोडून बाजूला उभी राहायची.

न्यू जर्सीतल्या माझ्या नातीनं गेल्या हिवाळ्यात फोनच्या पडद्यावर एक खिळा धरला आणि विचारलं, “आजोबा, हा गुळगुळीत दिसतो का?” खिळा म्हणजे तिच्या गाडीचा आख होता. ती कब स्काउटमध्ये जाते. 2018 पासून तिथं मुलींनाही घेतात. त्यांची दरवर्षीची शर्यत असते, पाइनवूड डर्बी. प्रत्येक मुलाला एक खोकं मिळतं. त्यात पाइनच्या लाकडाचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि चार खिळे. गाडी सात इंचांहून लांब नको आणि पाच औंसांहून, म्हणजे साधारण 142 ग्रॅमहून, जड नको. रंग, आकार, नाव ज्याचं त्यानं ठरवायचं. तिनं गाडीचं तोंड निमुळतं केलंय आणि पाठीवर बैलाची शिंगं रंगवलीत. (ही शिंगं बेंदराच्या फोटोंवरून आली, असं तिची आई सांगते. मी काही शिकवलं नव्हतं.)

ही शर्यत मूळची कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावातली. विमानाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांचा मुलगा दहा वर्षांचा होता. आत बसून उतारावरून सोडायच्या मोठ्या गाड्यांची शर्यत तिकडे तेव्हाही जोरात होती, पण त्याचं वय तिला कमी पडत होतं. मर्फींनी मग गाडीच लहान केली. 15 मे 1953 रोजी पहिली शर्यत झाली. शेवटच्या रेषेवर कोण आधी आलं ते कळावं म्हणून दारावरच्या घंटीचं सामान आणि बॅटरी जोडली होती. पोरगा मोठा होईपर्यंत त्याला थांबवून न ठेवता खेळच त्याच्या मापाचा करणारा हा माणूस मला फार आवडला.

गाडीला इंजिन नाही, चावी नाही, ढकलायला परवानगी नाही. आडवी खुंटी खाली पडते आणि सगळ्या गाड्या एकदम सुटतात. उतार सगळ्यांना तोच, वजनाची मर्यादा तीच. पृथ्वी कुणाला जास्त ओढत नाही. म्हणजे वेग कुणाला मिळवता येत नाही, मिळालेला कोण किती घालवतो एवढंच हातात राहतं. आणि तो घालवायची मुख्य जागा म्हणजे खिळा आणि चाक जिथं एकमेकांना लागतात ती. चाक तीन सेंटिमीटरचं, खिळा जेमतेम सव्वादोन मिलिमीटर जाडीचा. चाक एकदा फिरतं तेव्हा गाडी साडेनऊ सेंटिमीटर पुढे जाते, आणि खिळ्यावर घासणं होतं ते सात मिलिमीटरच. बैलगाडीचं चाक छातीएवढं आणि त्यामानानं आख बारीक, त्याचंही कारण हेच. लोखंडी आख आला तेव्हा गाड्या हलक्या चालू लागल्या, कारण तेवढंच ओझं तो लाकडी आखापेक्षा कमी जाडीत पेलतो.

त्या सात मिलिमीटरांसाठी नातीचे तीन रविवार गेले म्हणे. खिळा दिसतो सरळ, पण तो जन्मतो हाणामारीतून. तार दोन जबड्यांत गच्च धरतात आणि टोकावर ठोसा देऊन तिचं डोकं करतात. धरल्याच्या खुणा मानेवर राहतात आणि डोक्याच्या खालच्या अंगाला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, निघते. नेमकं तिथंच चाक येऊन टेकतं. घरच्या गॅलरीत तसबीर टांगायला हाच खिळा उत्तम. शर्यतीत मात्र तो सुरीसारखा चाकाला खातो.

माझा मुलगा संगणकाच्या धंद्यातला. त्यानं हातात धरायचं छोटं रोटरी मशीन आणलं, मिनिटाला हजारो फेरे मारणारं. खिळ्याचं टोक चकात, डोकं बाहेर. आधी बारीक कानस डोक्याच्या खालून तिरकी लावायची, म्हणजे बर जाते आणि चाकाला टेकायला अगदी अरुंद कड उरते. मग ओला पॉलिश पेपर, चारशे नंबरपासून सहाशे, हजार, दोन हजार असा चढत. शेवटी नमद्याचं चाक आणि त्यावर पॉलिशची पेस्ट. मशीन सर्वांत हळू ठेवायचं, कारण जोरात ठेवलं तर खिळा तापतो, आणि दाबलं तर वाकतो. मधला एखादा नंबर गाळला तर खोल ओरखडा चमकायला लागतो, पण जात नाही. आणि हौसेनं फार घासलं तर खिळा बारीक होऊन चाक डुलायला लागतं.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या टर्नरांना सांगितलं. किर्लोस्करवाडीला लेथवर उभं आयुष्य गेलं त्यांचं, आता निवृत्त. फोन डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी तो खिळा पाहिला. “फोनात काय कळतंय? नख फिरवून बघ म्हणावं तिला. नख अडलं तर अजून काम हाय.” नातीनं तिथल्या तिथं नख फिरवलं. अडलं. टर्नरकाकांना इतका आनंद झाला की त्यांनी चहाची दुसरी कपबशी मागवली.

घासून घासून धातू लखलखणं आमच्याकडे नवं नाही. नांगराचा फाळ जमिनीत उतरला की काळी माती त्याला हंगामभर पॉलिश करत राहते, आणि पावसात पडवीत पडला की तो गंजतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. बेळगावात सायकलींचं दुकान काढलेला हा माणूस. तिथून उठून 10 मार्च 1910 रोजी त्यांनी औंध संस्थानातल्या आमच्या माळावर, निवडुंगाच्या रानात, कारखाना मांडला. जवळचं स्टेशन तेव्हा कुंडल रोड होतं, पुढे त्याला कारखान्याच्या वसाहतीचंच नाव मिळालं. स्टेशनाच्या पाटीवरून गावाचं नाव गेल्याचं इथल्या काही जुन्या माणसांना अजून लागतं. मला नाही लागत. त्या पाटीखाली उतरलेल्या माणसांनी आमच्या दोन पिढ्यांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आदर शिकवला.

वंगणावर बापलेकीचं बरंच वाजलं. तेल घालू या, असं मुलगा म्हणे. तिच्या गटाच्या नियमात फक्त कोरडं वंगण, म्हणजे ग्राफाइटची पूड, पेन्सिलीत असते तीच काळी जात. तिचे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात म्हणून चाक सरकतं, आणि तेलासारखी धूळ धरत नाही. आमच्या गाड्यांना एरंडेलाचं वंगण असायचं, गाडीखाली नळकांडं टांगलेलं, त्यात चिंधी बुडवून ठेवलेली. वंगण संपलेली गाडी अर्ध्या कोसावरून ऐकू यायची आणि गाडीवानाची अब्रू जायची. ग्राफाइटही इथं परकं नाही. ओतकामात साच्याच्या आतल्या अंगाला त्याचा लेप देतात. शिवाय बीडाच्या पोटातच त्याची पानं पसरलेली असतात, म्हणून तर लेथचा बीडाचा पाया वर्षानुवर्षं घासून घेतो आणि कुरकुरत नाही. नात पेन्सिलीनं चित्र काढते आणि तिच्या पणजोबांच्या लेथखाली जे होतं त्याच मालानं बोटं काळी करते. हे तिला सांगितल्यावर तिनं मला एकच विचारलं, “मग हात कसे धुवायचे?”

आमच्या पट्ट्यात शर्यत म्हटलं की आधी बैल आठवतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात परवानगी दिली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यांना मुभा देणारा कायदा कायम केला. मधली वर्षं शौकिनांनी कशी काढली ती त्यांनाच ठाऊक. पण तिथं पळणारा जीव असतो, त्याला श्वास असतो, भीती असते. नातीच्या शर्यतीत दमायला कुणीच नाही. बहुतेक गाड्या तीनेक सेकंदांत खाली येतात, म्हणून मला ती शर्यत थोडी कोरडी वाटते. तयारीचे रविवार मात्र कोरडे नव्हते.

शर्यतीच्या आदल्या रात्री मुलानं एक युक्ती सांगितली. जाणकार लोक म्हणे पुढचं एक चाक मुद्दाम केसभर वर बसवतात. गाडी तीनच चाकांवर पळते, त्यामुळे एका चाकाचं घासणं वाचतं आणि ते फिरवण्यात जाणारा जोरही वाचतो. काही ठिकाणी चारही चाकं टेकली पाहिजेत असा नियम असतो, तिच्या गटात नव्हता. नातीला ते मुळीच पटेना. चौथ्या खिळ्यालाही तिनं दोन हजारचा कागद लावला होता, तो फुकट कसा जाऊ द्यायचा? मुलगा मला म्हणाला, अण्णा, तुम्हीच समजवा. मी फोन टर्नरकाकांकडे दिला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, “तीनच चाकांवर पळवायची हुती तर चौथं लावलं कशाला? सरळ रिक्षा करायची की.”