ओल भिंतीची, ठपका आमच्या पोरांवर

'यांच्या पोरांचं डोकंच चालत नाही' हे वाक्य आम्ही सिंदी (रेल्वे)त शाळेत असताना ऐकलं, आजही वस्तीत ऐकतो. ते डोकं ज्या हवेत चालवायचं, त्या हवेबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आमच्या वर्गाचं छत आषाढात गळायचं. पोळ्यापर्यंत मागची भिंत काळी-हिरवी व्हायची. झड आत येते म्हणून खिडक्या बंद, कोपऱ्यात तांदळाची पोती आणि ओल्या कपड्यांतले आम्ही सगळे पोट्टे. अर्धा वर्ग पावसाळाभर खोकायचा.

ती बुरशी म्हणजे साधा डाग नव्हे. तिचे बारीक बीजाणू श्वासातून आत जातात. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, छातीत घरघर होते, दमा असला तर तो उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या-इमारतीतल्या ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती यासाठीच. शिवाय बंद, गर्दीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढला की डोकं जड होतं, झोप येते. पोरगं पेंगतं ते हवेसाठी. आणि कारण शोधलं जातं त्याच्या जातीत!

पैसेवाल्यांनी आपली मुलं कधीच खाजगी शाळांत नेली. ओल्या खोल्यांत उरली ती बहुतेक मजुरांची, दलित-आदिवासी-भटक्यांची. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं. गोणपाट गेलं, पण कोरडी जागा कुणाला आणि ओली कुणाला, ही वाटणी राहिली.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी, असं स्पष्ट आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा आहेत. शाळा विकास आराखडा करण्याचं काम कलम २२ ने याच समितीला दिलं आहे. मित्रांनो, जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी गोळा करणारे आपण त्या बैठकीत का दिसत नाही?

पुढच्या बैठकीला वस्तीतल्या पालक माय-बहिणींसोबत जा. गळतीचे तारखेनिशी फोटो न्या. मागणी इतिवृत्तात लिहून घ्या, आराखड्यात घालायला लावा. 'चुना मारून देतो' म्हणतील. ऐकू नका. गळती राहिली तर बुरशी चुन्यातूनही वर येते. आधी छत, मग रंग.

जय भीम!