गाळातला मांगूर

नांदूर मध्यमेश्वरला, जिथे कादवा गोदावरीला येऊन मिळते, तिथे हिवाळ्यात साऱ्या दुर्बिणी आभाळाकडे लागलेल्या असतात. २०२० साली रामसर यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. चक्रवाक उतरतात, रोहित उतरतात, कोवळं ऊन त्यांच्या पंखांवरून घरंगळत पाण्यात सांडतं. माझं मन मात्र ते ऊन पोचत नाही तिथे ओढ घेतं. खाली, गाळात.

तिथे मांगूर असतो.

अंगावर खवला नाही. काळपट, बुळबुळीत कातडी, चपटं डोकं, बारीकसे डोळे आणि तोंडाभोवती आठ मिशा. दिवसभर तो पाणवेलींच्या मुळांशी पडून राहतो आणि दिवेलागण झाली की निघतो, गाळावरून मिशा फिरवत, एकेक कण चाखत. कारण त्या मिशांनाच चव कळते, आणि अळी, गांडूळ, गोगलगाय, कुजकं पान, मेलेली मासळी, काळोखात जे जे आहे ते त्याला दिसायच्या आधी रुचतं. अमेरिकेतल्या तळ्यांत राहणाऱ्या त्याच्या दूरच्या भावंडाच्या, बुलहेडच्या, तर अख्ख्या कातडीवर चव पसरलेली असते. अंगभर जीभ! ज्याला आपण गढूळ म्हणून तोंड फिरवतो, ते पाणी अशा जिवाला किती तऱ्हांनी भेटत असेल.

आणि मग पाऊस. इगतपुरी-घोटीकडे आवणी सुरू होते, खाचरं भरून बांधांवरून पाणी ओसंडतं, आणि मांगूर छातीच्या परांचे काटे मातीत रोवत, अंगाला वळसे देत, ओल्या जमिनीवरून एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. कल्ल्यांच्या वर त्याला फांद्या फुटलेलं एक इंद्रिय आहे. त्यात तो आपल्यासारखीच वरची हवा भरून घेतो. उथळ पाण्यातल्या खळग्यात मादी अंडी घालते, आणि राखण नर करतो.

हा आपला मांगूर वीत-दीड वीत, फार तर हातभर. आफ्रिकेतून आलेला त्याचा भाऊबंद मीटरभराच्याही पुढे जातो, समोर येईल ते गिळतो. त्याच्या पालनावर देशात २००० सालीच बंदी आली, तरी राज्यातल्या तळ्यांत तो चोरून वाढवला गेला. आपला मात्र विरळ होत चालला आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून बाजारात घमेल्यापाशी मी हटकून थांबते. तळाला ओंजळभर पाणी, त्यात तो तासन्‌तास जिवंत. एक मिशी घमेल्याच्या पत्र्यावरून हळूहळू सरकते, थबकते, पुन्हा सरकते.

"मावशी, गावठी ना?"

"खाचरातला हाये, ताई. म्हणून तर एवढासाच."