बंद पडणे

मराठीत ‘बंद’ या एका शब्दावर आपण फार मोठे ओझे लादले आहे. दार बंद होते, दुकान बंद होते. पण घड्याळ ‘बंद पडते’, गिरणी ‘बंद पडते’, आणि दोन शेजाऱ्यांचे बोलणेही ‘बंद पडते’. या ‘पडणे’ क्रियापदात मोठी गंमत आहे. जे कोणी हेतुपुरस्सर बंद केलेले नसते, ते बंद ‘पडते’. आणि पडलेली वस्तू उचलता येते, एवढा दिलासाही त्या क्रियापदातच दडलेला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हे भाषाशास्त्र मला सुचण्याचे कारण आमच्या घरचा संगणक. यंदाच्या श्रावणात तो असाच एका सकाळी बंद पडला. बटण दाबले की हिरवा दिवा लागे, आतला पंखा घरघरे, आणि मग पडदा काळाठिक्कर राहून आतून लांब शिट्ट्या ऐकू येत. सौ.ने त्याची तुलना कुकरशी केली. फरक एवढाच, की कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर काहीतरी पानात पडते!

आता संगणक बंद पडणे ही काही दिवाळी अंकात सांगण्याजोगी गोष्ट नव्हे, हे मलाही कळते. पण त्या पेटीत माझी सहा वर्षे होती. भिवंडी हे मागांचे गाव. इथल्या गल्लीबोळांतून दिवसरात्र खटखट चालते, आणि त्या खटखटीत एक अख्खी भाषा नांदते. उत्तरेकडून पिढ्यांपूर्वी आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू, पद्मानगरातल्या पद्मशाली मंडळींची तेलुगू आणि इथल्या आगरी माणसांची मराठी, अशा तिन्ही धाग्यांची ती वीण आहे. ताणा, बाणा, धोटा, कांडी, फणी हे शब्द तर आहेतच. पण इंग्रजी ‘बीम’चा कोणी सरळ ‘भीम’ करून टाकतो, आणि त्या वजनदार लाटेला ते नाव शोभतेही! आता धोट्याचे जुने माग भंगारात निघत आहेत आणि बिनधोट्याचे नवे माग येत आहेत. धोटा गेला की त्याच्या भोवतीचे शब्दही जाणार. म्हणून मी म्हाताऱ्या विणकरांकडे जाऊन बसत होतो. त्यांचे शब्द टिपून घेत होतो, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करत होतो. त्यांतले काहीजण आज हयात नाहीत. पेटीतून येणारी ती लांब शिट्टी मला काय वाटली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने नवा संगणक घ्यायला सांगितले, दुसऱ्याने पेटीला डाव्या बाजूने एक थाप मारून पाहिली. शेवटी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. वडील मागावर, आणि हा मराठी घेऊन बी.ए. होऊन संगणकदुरुस्तीत शिरलेला. आल्या आल्या त्याने पेटी उघडली नाही. म्हणाला, “सर, आधी ऐकू द्या.”

दोन वेळा बटण दाबून, मान तिरकी करून त्याने त्या शिट्ट्या ऐकल्या. मग म्हणाला, “बरे आहे, सर. बोलतो आहे. जो काहीच बोलत नाही त्याची भीती असते.”

तेव्हा मला कळले, की ती शिट्टी म्हणजे यंत्राची तक्रार असते. संगणक सुरू होताना प्रथम स्वतःचीच तपासणी करतो. पडद्यावर अक्षरे उमटण्याआधीच काही बिघडलेले आढळले, तर सांगणार कसे? म्हणून तो शिट्टी वाजवतो. कोणत्या बिघाडाला किती शिट्ट्या, ती लिपी प्रत्येक बनावटीची निराळी.

इंग्रजीत या सुरू होण्याला ‘बूट’ होणे म्हणतात. पायातल्या बुटाशी त्याचा संबंध खरोखरच आहे. उंच बुटाच्या काठाला ओढण्यासाठी पट्टी असते. ती धरून स्वतःलाच वर उचलावे, अशी ती अशक्य कोटीतली कल्पना. संगणकाची अडचण तीच आहे. आज्ञा वाचल्याशिवाय त्याला काही करता येत नाही, आणि आज्ञा कशा वाचाव्यात याचीही त्याला आज्ञाच लागते! म्हणून कधी न पुसल्या जाणाऱ्या एका छोट्या चकतीत चार ओळींचा श्रीगणेशा कोरून ठेवलेला असतो. तेवढ्यावर तो उठून बसतो आणि पुढचे वाचू लागतो.

मुलाने पेटी उघडली, आणि आत भिवंडी दिसली! पंख्याच्या पात्यांवर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यांत कापसाच्या तंतूंचा करडा थर. आमच्या गल्लीतले माग खिडकीवाटे त्या पेटीत येऊन बसले होते. मला मात्र हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटला. संगणकाच्या घराण्यात माग हा पूर्वजच आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरी 1804 च्या सुमारास जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तिथे खालीच राही. आणि त्या होय-नाहीतून फुले-पाने विणली जात. बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी तेच पुठ्ठे योजले, आणि 1890 साली अमेरिकेची शिरगणती हॉलेरिथने भोकांच्या पत्रिकांवरच उरकली. भिवंडीतले बहुतेक माग कोरा कपडा विणणारे, साधे. पण नाते ते नातेच.

मुलाने एका मऊ कुंचल्याने पंखा झाडला. मग स्मृतीची पट्टी उपसून, खिशातून चक्क शाळेतले खोडरबर काढून तिच्या सोनेरी कडा हलकेच घासल्या. पावसाळी दमटपणाने त्यांवर पुटे चढली होती. पट्टी पुन्हा बसवली, बटण दाबले, आणि एकच आखूड शिट्टी झाली. “सर्व ठीक,” तो म्हणाला. पडदा उजळला, पण त्यावर ओळ आली, की तबकडी सापडत नाही. घड्याळही कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या 1 जानेवारीवर जाऊन बसलेले. तीन व्होल्टची, रुपयाएवढी बटणबॅटरी संपली होती, आणि तिच्याबरोबर यंत्राला वार, तारीख आणि स्वतःच्या घराची मांडणी या सर्वांचा विसर पडला होता. माझ्या पोटात गोळा आला. मुलगा मात्र शांतच. नवी बॅटरी घातली, सैल झालेली तार बसवली, मांडणी पुन्हा लिहिली. तबकडी बोलू लागली.

मी दुरुस्ती झाल्याच्या आनंदात चहाची ऑर्डर दिली. तो म्हणाला, “थांबा, सर. आधी तुमचे शब्द बाहेर काढू. यंत्र नंतर.” आणि सर्व काही त्याने दुसऱ्या तबकडीवर उतरवून घेतले. लिहिलेले सारे आले. दोन ध्वनिमुद्रणे उघडली नाहीत. त्यांतले एक चाचा या वैशाखात वारले. त्यांचे शब्द माझ्याकडे आहेत. ‘धोटा’ म्हणताना ‘टा’वर ते जो ठेका देत, तो आता माझ्या कानातच आहे. दुसरे गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो.

त्या मुलाच्या कामातली रीत मात्र माझ्या मनातून जात नाही. आधी ऐकायचे. मग सोप्याकडून अवघडाकडे जायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने गुण आला ते कळते. आणि जे मोलाचे आहे ते आधी वाचवायचे. आपण माणसांच्या बाबतीत नेमके उलटे करतो. वर्गात एखादा मुलगा बोलेनासा झाला, की आपण थेट त्याच्या बुद्धीचा निकाल लावून मोकळे होतो. तो रात्रभर मागावर बारा तास उभा राहून सकाळी सातच्या तासाला आला आहे, इतकी साधी तार तपासून पाहायचे कोणाला सुचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडेल, तेव्हा शेवटच्या बाकावर तसे दोघे-तिघे असतील. प्रश्न विचारण्याआधी मी त्यांना विचारणार आहे, “काय रे, काल रात्रपाळी होती का?”