अक्काचा सिनेमा आणि माझं ग्राफिक्स कार्ड

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, तेव्हा "बऱ्या आहात ना?" असे फोन यायला लागले. मंडळी, मी ठणठणीत आहे. कॉम्प्युटरचं पोट उघडून बसले होते, एवढंच! जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने ग्राफिक्स कार्डावर लिहावं, याचं काही जणांना हसू येईल. येऊ दे. पण माझ्यासारखी घरगुती व्हिडिओ जोडण्याची हौस असलेले दोघे-तिघे इथे नेमाने येतात, त्यांना उपयोग होईल. आणि नातेवाइकांना, सोळा-सतरा हजार रुपये मी कशावर घातले याचा हिशेबही मिळेल.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. वय ८६, मुक्काम राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. आई लवकर गेली, तेव्हा आम्हा धाकट्या चौघांच्या वेण्या, पाटी-पेन्सिली आणि पोटं अक्कानेच सांभाळली. गेल्या तीन वर्षांत तिची आठवण विरत चालली आहे. म्हणून सलग दोन उन्हाळे मी मोबाइलवर तिचं चित्रण केलं. बरक्या फणसाचा रस चाळणीतून गाळणं, ताटांना तेलाचं बोट लावून साटं घालणं, ती उन्हात वाळवणं, आणि हे करता करता तिने सांगितलेल्या गोष्टी. जोडीला २००४ साली ह्यांनी हँडीकॅमवर घेतलेली एक कॅसेट होती. या सगळ्याचा वीस-बावीस मिनिटांचा सिनेमा करायचा आणि गणपतीत सगळे जमतील तेव्हा दाखवायचा, असं ठरवलं. हा सिनेमा आपला आहे हे अक्काला कळेल तोवर तो पुरा व्हायला हवा, ही खरी घाई. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय नव्हती.

आणि नेमका तिथेच कॉम्प्युटर अडून बसला. हा डबा २०१८ सालचा. त्यातला रायझन ५ २६०० हा प्रोसेसर सहा कोअरचा, चांगला हुशार आहे, पण पडद्यावर चित्र दाखवायचं अंग त्याला मुळातच नाही. म्हणून तेव्हा जीटी १०३० नावाचं छोटं कार्ड बसवून घेतलं होतं. लेख टंकायला आणि कीर्तनं ऐकायला ते उत्तम होतं. ह्यांच्या कॅसेटवरचं चित्रणही त्यावर सुरळीत चाले. मोबाइलवरचं लावलं, की मात्र अक्काचा हात ताटावर यायच्या आत चित्र गोठायचं आणि आवाज पुढे पळायचा.

असं का, हे समजून घ्यायला मी वही-पेन घेतलं. जुन्या कॅसेटचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. मोबाइलचं ४के चित्र ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोब्बर वीस पट! आणि मोबाइल अशी तीस चित्रं एका सेकंदात घेतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २४ कोटी ८८ लाख ठिपके. अक्काच्या पदराचा रंग थोडा उजळायचा म्हटलं, तरी यातल्या प्रत्येक ठिपक्यावर गणित करावं लागतं.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. ते कळायला हजेरीपट डोळ्यांपुढे आणा. जुन्या कॅसेटवर प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेलं असतं, म्हणून तर एका तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. मोबाइल तसं करत नाही. तो एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या बऱ्याच चित्रांना "वरीलप्रमाणे, फक्त एवढा बदल" असा शेरा मारतो. त्यामुळे फाइल लहान होते. पण कात्री लावायला मधलंच एखादं चित्र हवं असेल, तर कॉम्प्युटरला मागे जाऊन ते पूर्ण चित्र शोधावं लागतं आणि तिथपासूनचे सगळे शेरे वाचत यावं लागतं. बघायला सोपं, कापायला कठीण, असा हा प्रकार आहे.

आता ग्राफिक्स कार्ड इथे काय करतं? आमच्या शाळेत इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मैदानातले दगड वेचायचा कार्यक्रम असे. एक पैलवान आणला तर तो मोठाला धोंडा उचलेल, पण सगळं मैदान साफ करायला त्याला आठवडा लागेल. तेच सातशे पोरांची रांग सोडा, तासाभरात मैदान लख्ख! प्रोसेसर म्हणजे हा पैलवान. थोडे पण बलदंड हात, कुठलंही अवघड काम सांगा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोरांची रांग. एकेकाची ताकद बेताची, पण सगळे एकाच वेळी वाकतात. व्हिडिओतल्या ठिपक्यांचं काम दगड वेचण्यासारखंच असतं, एक ठिपका दुसऱ्यासाठी अडत नाही. माझ्या जुन्या कार्डात अशी ३८४ पोरं होती. नव्यात २३०४ आहेत, म्हणजे सहा पट.

शिवाय नव्या कार्डांत एक स्वतंत्र कारकून बसवलेला असतो. व्हिडिओ दाबून लहान करायचा, म्हणजे ते "वरीलप्रमाणे"चे शेरे लिहायचे, एवढंच त्याचं काम. जीटी १०३० मध्ये हा कारकूनच नाही, त्यामुळे ते सगळं लेखन पैलवानाच्या गळ्यात पडे. मात्र एक सूचना. तुमचा संकलनाचा प्रोग्राम या कारकुनाला काम देतो की नाही, हे कार्ड घेण्याआधी बघा. पुष्कळदा मोफत आणि विकतच्या आवृत्तीत फरक असतो तो इथेच.

तिसरी गोष्ट म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. मी डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरते. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचा हा प्रोग्राम मुळात चित्रपटांचे रंग सुधारणाऱ्यांसाठी होता, आणि तो ग्राफिक्स कार्डावर भलताच विसंबून असतो. जुन्या कार्डाची मेमरी दोन जीबी. दोन-तीन ठिकाणी रंग सुधारले, की "ग्राफिक्सची मेमरी भरली" असा फलक झळके. पोरं कितीही असोत, दगड टाकायला टोपलीच नसेल तर ती उभीच राहणार.

आता एक फुकटचा सल्ला, कारण पैसे खर्च करायची घाई कुणीच करू नये. आधी "प्रॉक्सी" करून पाहा. म्हणजे मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती काढायच्या, काटछाट त्यांच्यावर करायची आणि शेवटी प्रोग्रामला मूळ फाइली वापरायला सांगायचं. मी महिनाभर तसंच काम केलं. तुकडे नुसते एकापुढे एक जोडायचे असतील तर तेवढंच पुरे. माझी गाडी अडली ती रंगात. मे महिन्यातलं ऊन, मागे काळोखी ओटी आणि मधे अक्काचा चेहरा. तो चेहरा उजळून दिसल्याशिवाय माझं समाधान होईना. आणि सिनेमा एकदा पूर्ण काढायचा म्हणजे अडीच-तीन तासांची निश्चिंती!

इंजिनिअरिंगला असलेल्या नातवाला फोन लावला. तो उत्साहाने भारी-भारी कार्डांची नावं सांगायला लागला. मी म्हटलं, "बाबा रे, अंथरूण पाहून पाय पसरायचे. आधी माझं अंथरूण मोज." यावर त्याने माझ्याकडून दोन गोष्टी बघून घेतल्या. पहिली, डब्यात जागा किती. ती मी शिवणकामाच्या टेपने मोजली. दुसरी आणि महत्त्वाची, वीज. डब्यातला पॉवर सप्लाय ४५० वॉटचा, पण कार्डाला जोडायची वेगळी वायर त्याला नाही. कार्ड ज्या खाचेत बसतं ती खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देते. त्याहून जास्त खाणारं कार्ड घ्यायचं तर पॉवर सप्लायही बदलायचा. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॉट खातं, म्हणून ते बाद झालं. शेवटी आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं ठरलं. ते ७० वॉटवर भागवतं.

"सहा जीबीवालं" हा शब्द नीट ध्यानात ठेवा. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं असावीत तसा हा घोळ आहे. २०२२ साली आलेलं आरटीएक्स ३०५० आठ जीबीचं होतं, २५६० कोअरचं, १३० वॉट खाणारं. २०२४ साली त्याच नावाने सहा जीबीचं आलं, ते २३०४ कोअरचं आणि ७० वॉटचं. दुकानात नुसतं "३०५०" म्हणालात तर कुठलं हातात पडेल सांगता येत नाही. दोन्ही वाईट नाहीत, पण माझ्या डब्यात बिनवायरीचं दुसरंच चालणार होतं.

मग एक दिवस डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड आणि चालत लॅमिंग्टन रोड. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काकू, नातवाच्या गेमिंगसाठी का?" म्हटलं, "नाही, मला व्हिडिओचं संकलन करायचंय." मग मात्र तो गंभीर झाला आणि त्याने खुर्ची दिली. स्वस्तात वापरलेलं कार्ड घ्यावं का, हेही विचारून पाहिलं. वाईट असतंच असं नाही, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं खोदकाम बंद झालं आणि रात्रंदिवस जुंपलेली बरीच कार्डं जुन्या बाजारात आली. पूर्वी काय सोसलंय ते वरून दिसत नाही. मला ते ओळखता येणार नाही, म्हणून नवं घेतलं. पक्कं बिल आणि वॉरंटी.

बसवलं मात्र मी स्वतः. नातू व्हिडिओ कॉलवर, फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला. वायर काढायची, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची. जुन्या कार्डाचा स्क्रू काढायचा, खाचेच्या टोकाची छोटी कळ दाबायची, की कार्ड अलगद सुटतं. नवं कार्ड दोन खाचांच्या रुंदीचं, म्हणून मागची आणखी एक पट्टी काढावी लागली. "आजी, आता दाब. घाबरू नकोस, टक् असा आवाज येईल." आला! मॉनिटरची वायर कार्डालाच लावायची, ड्रायव्हर नवा घालायचा. सगळं मिळून पाऊण तास.

फरक काय पडला? अडीच-तीन तासांचं काम पंचवीस मिनिटांवर आलं, हे तर झालंच. पण मला मोलाचा वाटला तो फरक वेगळाच. आता कुठेही बोट ठेवलं की चित्र तिथून चालू होतं. काही बदललं की लगेच दिसतं.

त्याचं कारण सांगते. चित्रणात चाळीस सेकंदांचा एक तुकडा आहे. अक्का साटं घालता घालता सांगत्येय आणि मधेच थांबते. पुढचा शब्द सापडत नाही. मग माझ्याकडे बघून विचारते, "तू कुणाची गो?" आणि हे विचारताना तिचा हात मात्र थांबलेला नाही. ताटाची कड बोटाने सारखी करणं चालूच आहे.

भाचा म्हणाला, "मावशी, ते काढून टाक. चारचौघांत आईचं असं दाखवू नकोस." नातू म्हणाला, "आजी, ते खरं आहे, ठेव." दोघांचंही मला पटत होतं. जुन्या कार्डावर एकेक बदल बघायला एवढा वेळ जाई, की पहिला जमला तोच मी कंटाळून पक्का केला असता. आता तसं नव्हतं. तुकडा ठेवून पाहिला, काढून पाहिला, अर्धा ठेवून पाहिला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. यंत्र तयार होतं, वेळ मला लागत होता. काय ठेवायचं ते सांगणारं कार्ड अजून निघालेलं नाही.

शेवटी असं केलं. तो प्रश्न काढला आणि हात ठेवले. त्या हातांवर आवाज ठेवला २००४ च्या कॅसेटमधला. तेव्हा ह्यांनी विचारल्यावर अक्काने साटांची सगळी कृती खणखणीत सांगितली होती. खाली लिहिलं, "आवाज : २००४", म्हणजे कुणाची फसवणूक नको. मूळ तुकडा वेगळ्या डिस्कवर भाच्यासाठी ठेवला आहे. त्याचं काय करायचं ते तो मुलगा म्हणून ठरवेल.

कच्चा सिनेमा मागच्या आठवड्यात गावी पाठवला. भाच्याने टीव्हीवर लावला. त्याने फोनवर सांगितलं, की अक्का शेवटपर्यंत बसली. हातांचा भाग आला तशी पुढे वाकून म्हणाली, "पातळ घालत्येय ही. वाळल्यावर चिरतील." ते हात कुणाचे हे तिला कळलं का, हे भाच्यालाही सांगता येईना. चूक मात्र तिला बरोबर दिसली.

असो. फारच लांबलं. गणपतीला येणाऱ्यांनी पेन ड्राइव्ह आणा, प्रत्येकाला प्रत देईन. आणि हो, जुनं जीटी १०३० पुसून-बिसून डब्यात ठेवलंय. ते फक्त ३० वॉट खातं आणि साध्या कामाला अजून छान आहे. कुणाच्या कॉम्प्युटरला पडदा दाखवायची अडचण असेल, तर सांगा. येताना घेऊन येईन.