मोडून राखणारे

मोडणे म्हणजे हरणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही पडलो वकील. अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालविताना ही समजूत पुराव्याचा वेष घेऊन आमच्यापुढे उभी राहते. एका पक्षकाराने काचतंतूंचे तडकलेले हेल्मेट आमच्या मेजावर ठेवून विचारले, “वकीलसाहेब, माल खोटा नसता तर हे फुटले असते काय?” सवाल करणारे मस्तक मात्र शाबूत होते! केवळ फुटण्यावरून दोष सिद्ध होत नाही, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले.

आघाताची ऊर्जा नाहीशी होत नाही. ती कोठेतरी खर्ची पडावी लागते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. पोलादी पत्रा घड्या पडून ती पोटात घेतो. राळेत बसविलेल्या तंतूंची रीत निराळी. राळेला भेगा जातात, थर सुटतात, तंतू तुटतात, तुटलेले अंश परस्परांवर घासतात. आणि या असंख्य लहान मोडींत तो आघात वाटला जातो. मात्र ही मोड क्रमाने व्हावी लागते. म्हणून आघात झेलणाऱ्या नळीचे एक टोक रचनाकार मुद्दाम तिरके तासतात, म्हणजे चुरा तेथूनच सुरू होतो. नळी एकदम दुभंगली, तर फारच थोडी ऊर्जा खर्ची पडते.

ही युक्ती निसर्गाला जुनीच ठाऊक आहे. माडावरून पडलेला नारळ सोडणातील काथ्यामुळे सहसा फुटत नाही. सोललेला तोच नारळ देवळातील पाषाणावर एका घावात फुटतो.

कार्बनतंतू ठिसूळ, आदळताच त्यांचा भुगा होईल, अशी शंका मोटारशर्यतींच्या जगात पुष्कळांना होती. 1981 साली इटलीतील मोंझा येथे जॉन वॉटसन यांची मॅक्लारेन आदळली व इंजिन निखळून तिचे दोन तुकडे झाले. कार्बनतंतूंच्या सांगाड्यात बसलेले वॉटसन मात्र स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

परंतु या गुणाला एक बोचरी पुरवणी आहे. वरून ओरखडाही न दिसता आतील थर सुटलेले असू शकतात, आणि हेल्मेटमधील थर्मोकोलचे अस्तर एकदा दबले की पूर्ववत होत नाही. अपघातात सापडलेले, पण धडधाकट दिसणारे हेल्मेट धाकट्या भावाच्या डोक्यावर चढविण्याची काटकसर म्हणूनच घातक होय. ज्याने आपले ऋण एकदा पुरते फेडले, त्याच्याकडून दुसऱ्यांदा वसुली करणे कायद्यात बसत नाही, आणि निसर्गातही नाही.