कर्णासाठी नंबर

'मृत्युंजय' ही कर्णावरची कादंबरी 1967 साली आली. आमच्या हाती पडेपर्यंत तिची बांधणी सैल झाली होती आणि पहिली काही पानं कुणाच्या तरी घरी राहिली होती. नाशिकला 1840 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, आपलं 'सावाना'. शिवाय गल्लीतली खासगी वाचनालयं. कुठेही गेलं तरी कर्णासाठी नंबर लावावा लागे. पुस्तक घरी आलं की दुपारी आई वाचे, संध्याकाळी ताई, आणि आम्हाला मिळे ते सगळे झोपल्यावर. प्रत्येकाची खूण वेगळी: बसचं तिकीट, केसांचा आकडा, विजेचं बिल. खूण हलली की घरातच कुरुक्षेत्र.

आता भाची तीच कथा कानात घालून ऐकते, तीही दीडपट वेगाने. कर्णाचं चाक रुततं, तेव्हा तिची स्कूटर द्वारका चौकात रुतलेली असते. तिची पानं गहाळ होत नाहीत. तिच्या पाठीमागे "झालं का वाचून?" म्हणणारंही कुणी नाही.

आमच्या त्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने कुणी लिहिलेलं असे, 'अर्जुनाची लबाडी!' खाली दुसऱ्या अक्षरात, 'आधी महाभारत वाचा.' पुस्तकं खराब करणारी ही माणसं. पण आम्ही आधी समासच वाचायचो.

आमच्या वाचनाचं फार कौतुक मात्र नको. इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही 1967 चंच. त्यातला कर्ण तेजोवलय उतरवून ठेवलेला, म्हणून त्याच्यासाठी नंबर नसे. आम्हाला रडायचं होतं, तपासायचं नव्हतं. 'ययाति' झाली, 'राधेय' झाली, आणि प्राचीन भारत आपल्याला कळला असं आम्ही धरून चाललो. खरा प्राचीन काळ मुंबई-आग्रा रस्त्यालगत डोंगरात होता. पांडवलेण्यांत सहलीला जाऊन आम्ही भीमाची खोली शोधत असू. लेणी बौद्ध भिक्खूंची. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या गेलेल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे: त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यालेले, क्षहरातांचा वंश त्याने बुडवलेला. त्या लेखाखाली बसून आम्ही डबे खाल्ले. 1906 मध्ये जवळच जोगळटेंभीला क्षहरात नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. इतका थंड सूड आमच्या कादंबऱ्यांत कुठेच नव्हता.

भाचीला हे सगळं ठाऊक आहे. तो लेख मला तिनेच दाखवला, फोनवर अर्थ वाचत. आमच्यापेक्षा तिला नक्कीच जास्त कळतं.

लेण्यांवरून परतताना तिला विचारलं, "कर्ण की अर्जुन?"

"दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, मामा."

आमच्या घरी एवढ्या उत्तरावर दोन दिवस अबोला झाला असता.